मलबार पफरच्या पोटातील जंतांवर उपचार

केरळमधील नद्यांत आढळणारा मलबार पफर हा मासा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो, आणि विक्रीस येणारे बरेच मासे थेट नदीतून पकडलेले असल्याने ते पोटात जंत घेऊनच घरी येण्याची शक्यता असते. भरपूर खाऊनही पोट खपाटीला जाणे आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा पडणे ही त्याची लक्षणे होत. खाणे थांबेपर्यंत वाट पाहणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे.

असा मासा वेगळ्या टाकीत हलवावा आणि गाळणीतील कार्बन काढून ठेवावा. गोल जंतांसाठी लेव्हामिसोल दर लिटर पाण्यास 2 मिलिग्रॅम, म्हणजे 40 लिटरच्या टाकीत 80 मिलिग्रॅम, या प्रमाणात विरघळवून घालावे. हे औषध प्रकाशात निकामी होत असल्याने दिवे बंद ठेवून टाकी झाकावी. 24 तासांनंतर निम्मे पाणी बदलावे आणि तळातील घाण नळीने ओढून घ्यावी, कारण बाहेर पडलेले जंत मासा पुन्हा खाऊ शकतो. अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी हीच मात्रा पुन्हा द्यावी. पट्टकृमींवर मात्र प्राझिक्वांटेल लागते.

खाद्यासाठी तळ्यातील गोगलगायी आणू नयेत, कारण त्यांच्यातूनही जंत येऊ शकतात. त्या घरीच वाढवाव्यात.