जुन्या गाडीच्या सांध्यांतील शिशाचे काय करावे

छप्पर आणि मागच्या बाजूचा पत्रा जिथे मिळतात, त्या रेषेवर रंगाला फुगे दिसले की डेंटर सवयीने ग्राइंडर उचलतो. आणि जुन्या गाडीच्या बाबतीत आधी तेच हत्यार बाजूला ठेवायचे असते. पॉलिस्टरची पुट्टी सर्रास वापरात येण्यापूर्वी दोन पत्र्यांच्या सांध्यावरची खाच शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूने भरून कानशीने सपाट करीत. १९५५ च्या शेवरोलेत छताचा सांधा असाच भरलेला आढळतो. सांध्याची ताकद स्पॉट वेल्डिंगची असते, शिसे फक्त रेषा लपवते. त्यामुळे शिसे दिसले म्हणून ते काढलेच पाहिजे असे नाही. त्याखालचा पत्रा निरोगी असेल तर ते आणखी कितीतरी वर्षे जागचे हलणार नाही, आणि नव्या पुट्टीपेक्षा बरे टिकेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून पहिली पायरी म्हणजे सांध्यात शिसे आहे की पुट्टी, हे ओळखणे. सांध्यावरचा रंग केमिकल रिमूव्हरने काढावा. सुका घासू नये, कारण जुन्या प्राइमरमध्येही शिसे असू शकते. मग धारदार चाकूचे टोक हलकेच ओढून पाहावे. पुट्टी असेल तर पांढरट किंवा करड्या रंगाची भुकटी पडते. शिसे असेल तर मऊ, वळलेली सालपट निघते आणि मागे चांदीसारखी चमकती रेघ उरते, जी काही दिवसांत काळवंडते. पृष्ठभागावर बारीक छिद्रे, कडेला उकललेली चीर किंवा गंजाचा तपकिरी ओघळ दिसला तर सांधा उघडावा. यांपैकी काहीच नसेल तर स्वच्छ करून थेट प्राइमरकडे वळावे.

उघडायचेच ठरले तर तयारीत कसर नको. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवावी. आतले कापड, वायरिंग आणि काचेचे रबर काढावे. अग्निशामक हाताशी ठेवावा. काम मोकळ्या हवेत, मुलांपासून लांब करावे. तोंडावर रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. पी-१०० दर्जाची गाळणी बसवलेला रबरी हाफ मास्क लागतो. कामाच्या जागी चहासुद्धा घेऊ नये, हात साबणाने धुवावेत आणि त्या दिवसाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

शिसे वितळवून काढायचे असते. गॅसच्या टॉर्चची मऊ, पसरट ज्योत सतत फिरती ठेवून एका वेळी वीतभर लांबीच तापवावी. आधी पृष्ठभागाला घाम फुटल्यासारखी चमक येते. त्याच क्षणी ज्योत बाजूला करून जाड सुती कापडाने किंवा तारेच्या ब्रशने शिसे खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ओढावे. ऑक्सि-ॲसिटिलीनची टोकदार निळी ज्योत लावली तर छप्पर वाकडे होते आणि अतितापलेल्या शिशाचा धूरही निघतो. थंड करायला पाणी मारू नये.

आता सांधा उघडा दिसेल. गंजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा, मात्र त्याआधी वेल्डच्या दोन्ही बाजूंना किमान इंचभर शिशाचा मागमूस ठेवू नये. शिसे मिसळले की वेल्डला छिद्रे पडतात आणि धूर फुप्फुसात जातो.

पुन्हा काय भरावे? घरी पहिल्यांदाच करणाऱ्याने वेल्ड पूर्ण करून, त्यावर इपॉक्सी प्राइमर मारून, ॲल्युमिनियम पावडरची पुट्टी पातळ थरात द्यावी. मूळ पद्धतीचा आग्रह असेल तर मात्र कल्हई समजून घ्यावी लागते. पुण्याच्या कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट आळीत जे तत्त्व शेकडो वर्षे चालत आले आहे, तेच इथे आहे: भांडे घासून लख्ख करायचे, नवसागराने त्यावरचा ऑक्साइड उडवायचा आणि तापलेल्या धातूवर कथलाचा पातळ थर कापसाने फिरवायचा. गाडीच्या पत्र्यासाठी फ्लक्स (नवसागराचे काम करणारे आम्लयुक्त रसायन) आणि कथलाची पूड एकत्र असलेली पेस्ट मिळते. ती लावून, तापवून, तपकिरी पडल्यावर कापडाने पुसली की पत्रा आरशासारखा पांढरा दिसला पाहिजे. एखादा ठिपका काळा राहिला तर तिथे शिसे नुसते टेकून बसेल, धरणार नाही. माझ्या पहिल्या गाडीत घाईने असा नाण्याएवढा ठिपका सोडला होता. पावसाळा संपला तेव्हा नेमक्या त्याच जागी रंग उचलला गेला.

त्यानंतर ७० टक्के शिसे आणि ३० टक्के कथील यांची कांडी वापरावी. ती १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि साधारण २५५ अंशांना पूर्ण पातळ होते. सगळे कौशल्य या दोन आकड्यांच्या मधल्या अवस्थेत आहे, जेव्हा धातू मऊ लोण्यासारखा पसरतो. गुळगुळीत लाकडी थापीला मेण किंवा चरबी लावून तो दाबत न्यावा आणि पातळीपेक्षा किंचित उंच ठेवावा. लाकडाला मेण कमी पडले की ते चिकटते. मेणाचा थोडा धूर निघाला तरी घाबरू नये. थंड झाल्यावर वक्र दात्यांच्या कानशीने सपाट करावे. इथे सँडर चालवू नये. कानशीचा जाडसर कीस खाली पडतो, सँडरची धूळ हवेत तरंगते. तो कीस ओल्या फडक्याने टिपून बंद डब्यात साठवावा, मोरीत किंवा बागेत टाकू नये, आणि अधिकृत शिसे-पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावा.

सर्वाधिक दुर्लक्षित पायरी धुण्याची आहे. फ्लक्समधील आम्ल छिद्रांत दडून राहते आणि नव्या रंगाखालून बाहेर पडते. खायच्या सोड्याचे पाणी ब्रशने चोळावे, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावे, पूर्ण वाळवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पांढरी पूड दिसली तर पुन्हा धुवावे. पुण्याच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रीत गंजतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावे. सांधा कोरडा झाला की ग्रीस-रिमूव्हरने पुसून इपॉक्सी प्राइमर मारावा. आम्लयुक्त एचिंग (etch) प्राइमर शिशावर टाळावा.

आणि शेल, म्हणजे गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा, पावडर कोटिंगला (पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवायला) द्यायचा विचार असेल, तर भट्टीचे तापमान आधी विचारावे. ते बहुधा १८० ते २०० अंशांच्या दरम्यान असते, म्हणजे कांडी मऊ पडू लागते त्याच पट्ट्यात; शिशाने भरलेले शेल तिथे न देता त्यावर हवेत वाळणारा रंग मारावा.