सोल्डर करा नाहीतर प्रेस, आधी बर काढा

तांब्याच्या पाइपाचं काम काढण्याआधीची ही यादी. मागच्या खेपेला ती माझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती, आणि त्यातली एक गोष्ट नेमकी विसरले. कोणती, ते पुढे येईलच. इतक्यांदा येईल की कंटाळाल.

मुख्य व्हॉल्व्ह बंद, बादली, फडकी, चष्मा, हातमोजे. पुढे.

पाइप जोडायच्या पद्धती दोन. सोल्डर म्हणजे टॉर्चच्या ज्योतीने लवकर वितळणाऱ्या धातूची तार जोडात वितळवणं, आणि प्रेस म्हणजे फिटिंग, म्हणजे पाइप जोडायचा तुकडा, टूलच्या जबड्याने पाइपावर दाबून बसवणं. सोल्डर की प्रेस हे पाइपाला कटर लावण्याआधी ठरवा, आणि आवडीनिवडीवर ठरवू नका. आधी लाइन रिकामी करून थोडा वेळ नुसतं बघत बसा. व्हॉल्व्ह जुना असेल तर तो बंद करूनही थेंब थेंब पाणी येतच राहतं. येत असेल तर सोल्डरचा नाद सोडा. पाणी 100 अंशांना उकळतं, आणि आत पाणी आहे तोवर तांबं त्याच्या फारसं वर चढत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जी बिनशिशाची टिन-तांब्याची सोल्डर वापरतात, ती वितळायला साधारण 227 अंश लागतात. टॉर्च घेऊन अर्धा तास बसलात तरी ती तार पाइपावर नुसती घासली जाते. चुकून वितळलीच, तर आतली वाफ तिच्यातून वाट काढते आणि सुईच्या टोकाएवढं भोक ठेवून जाते. प्रेस फिटिंगला हे सोवळं नाही. आतली रबरी ओ-रिंग दाबून पाणी अडवायचं असतं, पाइप ओला असला तरी चालतो.

दुसरं बघायचं ते पाइपाच्या मागे काय आहे. लाकूड, वायरी, इन्सुलेशन, जुनं धुळकट काहीही असेल आणि मध्ये आगरोधक पत्रा किंवा कापड सरकवता येत नसेल, तर प्रेस. तिसरं म्हणजे जागा, आणि इथे उलटं होतं. प्रेस टूलचा जबडा फिटिंगला सगळीकडून कवेत घेतो. पाइप भिंतीला चिकटून गेला असेल तर तो जबडा मागून जातच नाही. अशा जागी ज्योत पोचते. टूल भाड्याने आणणार असाल तर नुसता अंदाज बांधू नका, जबडा हातात घेऊन जागेवर धरून बघा. दोन-तीनच जोड असतील, पाइप कोरडा असेल आणि हात बसलेला असेल, तर सोल्डर स्वस्त पडतं. वीस जोड असतील तर भाडं वसूल होतं.

गॅसच्या लाइनला पाण्याच्या फिटिंगमधली ओ-रिंग चालत नाही, तिथे वेगळं रबर लागतं. आणि ते काम तुमचं नाहीच, परवानाधारकाला बोलवा.

खरेदीला निघण्याआधी पाइपाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. 15 मिलिमीटरचा पाइप आणि अर्धा इंची म्हणवला जाणारा पाइप नजरेला सारखेच दिसतात, पण अर्धा इंची बाहेरून 15.9 मिलिमीटर भरतो. एकाचं फिटिंग दुसऱ्याला होत नाही. प्रेस घेत असाल तर जबडा आणि फिटिंग एकाच प्रोफाइलचं आहे ना, हेही विचारा. व्ही आणि एम असे वेगवेगळे आकार असतात. चुकीचा जबडाही दाबतो, आवाजही तसाच करतो, आणि जोड मात्र भरवशाचा नसतो.

आता बर.

पाइप कापला की काठावर तांब्याची बारीक धार उभी राहते, तिला बर म्हणतात. ती काढायची. आतूनही, बाहेरूनही. मागच्या वेळी मी प्रेस निवडलं, कारण व्हॉल्व्ह ठिबकत होता. निवड बरोबर होती. कटरही चांगला, काप सरळ. मग प्रेस म्हणजे ढकला आणि दाबा, एवढंच डोक्यात होतं. चौदा जोड दुपारी आटोपले, पाणी सोडलं, सगळं कोरडं. फार खूष होते मी. अकराव्या दिवशी कपाटाच्या तळाला फुगवटा दिसला. तो जोड कापून काढला आणि हॅकसॉने उभा चिरला. काळी ओ-रिंग जागेवरच होती, पण तिच्या आतल्या अंगाला एक तिरका छेद होता आणि रबराची चिमुकली साल वर उचलली गेली होती, नखाजवळची कातडी निघते तशी. पाइप आत ढकलताना बरीने तिला सोललं होतं. पाइपाच्या काठावरून बोट फिरवलं तर बोटही कापलं. हेच बोट अकरा दिवस आधी फिरवायला दहा सेकंद लागली असती.

तर बर काढा. कटरच्या मागे जे तिकोनी पातं दुमडलेलं असतं ते आतल्या काठासाठी. बाहेरच्यासाठी ते निरुपयोगी, तिथे बारीक कानस किंवा पेन्सिलच्या शार्पनरसारखं मिळतं ते गोल बर काढायचं हत्यार घ्या. घासताना पाइपाचं तोंड खाली ठेवा, म्हणजे कीस आत जाणार नाही. मग बोट फिरवा, हातमोजा काढून, जपून. अडकतंय? पुन्हा घासा.

‘मी सोल्डर करणार आहे, मला ओ-रिंग नाही, मला काय त्याचं’ असं म्हणणाऱ्यांनीही काढायची. आतली बर राहिली की तिच्या मागे पाण्याचा भोवरा होतो आणि वर्षानुवर्षं तो पाइपाची भिंत आतून खात राहतो. बाहेरची राहिली तर पाइप फिटिंगमध्ये नीट बसत नाही. दोन्ही बाजूंनी बर, दोन्ही पद्धतींना बर. आणि कटर एका दमात आवळू नका, नाहीतर काठ आत दबतो आणि काढायला आणखी बर तयार होते.

सोल्डर ठरलं असेल तर पाइपाचं टोक आणि फिटिंगचं तोंड दोन्ही चकचकीत होईपर्यंत एमरीने घासा, मग तिथे बोट लावू नका, तेलकटपणा बसतो. फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर तांब्याला धरावी म्हणून लावायच्या पेस्टचा, पातळ हात. जवळच्या व्हॉल्व्हमधले रबर-प्लॅस्टिकचे भाग काढून ठेवा, आणि लांबचा एक नळ उघडा ठेवा, तापलेल्या हवेला वाट हवी. ज्योत फिटिंगवर धरा, तारेवर नाही. तार ज्योतीच्या उलट बाजूला टेकवायची. धातू पुरेसा तापला असेल तर ती आपोआप आत ओढली जाते आणि जोडाभोवती चांदीसारखी कडा फिरते. 15 मिलिमीटरच्या पाइपाला साधारण तेवढ्याच लांबीची तार पुरते, लोक उगाच चौपट ओततात. फ्लक्स काळा पडला तर जास्त तापवलंत, थंड करून पुन्हा साफ करा. जोड घट्ट होईपर्यंत हलवू नका, पाणी ओतू नका. बाहेरचा फ्लक्स पुसा, राहिला तर तांबं हिरवं पडून खायला लागतं. आग विझवायचं साधन हाताशी ठेवा आणि काम झाल्यावर तासभर तिथून हलू नका.

प्रेस ठरलं असेल तर बर काढली का? मग फिटिंगमध्ये डोकावून ओ-रिंग जागेवर आहे का बघा. पाइप किती आत जायचा ती खूण मार्करने करा, ठिपका नको, पूर्ण रेघ. पाइपावर उभे ओरखडे असतील तर तो तुकडा टाकून द्या. सरळ ढकला, हलकं फिरवत. दाबण्याआधी खूण फिटिंगच्या तोंडाशी आहे का ते पुन्हा बघा, कारण पाइप मागे सरकतो. दाबलेल्या प्रत्येक जोडावर दुसऱ्या रंगाची खूण करा. दाबल्यावरही फिटिंग पाइपावर थोडं फिरतं, घाबरू नका. एकाच लाइनवर दोन्ही पद्धती असतील तर सोल्डर आधी, प्रेस नंतर आणि लांब, नाहीतर उष्णतेने ओ-रिंग जाते.

टेस्ट. आधी कमी दाब, कारण न दाबलेला जोड बहुतेक प्रेस फिटिंगमध्ये तेव्हाच गळून दाखवतो. मग पूर्ण. प्रत्येक जोडाला कोरडा टिशू लावून बघा. सोल्डर केलं असेल तर लाइन धुऊन काढा. नळांच्या जाळ्या काढून साफ करा, कीस तिथे अडकतो. भिंत लगेच बुजवू नका. कपाटाचा तळ मी अजून बसवलेला नाही.