दुकानाच्या सॉफ्टवेअरसाठी नेटवर्क आणि डेटाबेस कसा निवडावा

भुसार मालाच्या एका घाऊक दुकानात मी बिलिंग बसवून दिलं होतं. काउंटरवर दोन संगणक, माडीवर हिशेबाचा एक, गोदामात एक लॅपटॉप. सगळा डेटा माडीवरच्या संगणकातल्या एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये होता आणि लॅपटॉप वायफायवर. दिवाळीच्या आठवड्यात, ऐन गर्दीत लाईट गेली. संगणक यूपीएसवर होते, राउटर मात्र यूपीएसवर नव्हता, म्हणून वायफाय तुटलं. त्याच क्षणी गोदामातून एक बिल सेव्ह होत होतं. लाईट आल्यावर डेटाची फाईल उघडेना. शेवटचा बॅकअप चार दिवसांपूर्वीचा होता, त्यामुळे मालक आणि दिवाणजी रात्री उशिरापर्यंत कार्बन कॉप्या पाहून बिलं पुन्हा भरत बसले. मांडणी माझी होती, चूकही माझीच. तेव्हापासून मी पुढच्या क्रमाने जातो.

सॉफ्टवेअरचं नावही काढण्याआधी एक कागद घ्या. एकाच वेळी किती जण नोंद करतात आणि किती जण नुसतं पाहतात, हे वेगवेगळं लिहा. ते सगळे एका छताखाली आहेत की दुसऱ्या गावातही शाखा आहे, तेही लिहा. पुढचे बहुतेक निर्णय या कागदावरूनच ठरतात.

मग डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी जिथे साठतात ती वही. नोंद करणारा एकच माणूस आणि एकच संगणक असेल, तर फाईलवर चालणारा डेटाबेस पुरतो. एसक्यूलाइट हा तसाच आहे आणि तो भक्कम आहे. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. मात्र त्यात एका वेळी एकालाच लिहिता येतं, आणि तीच फाईल नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून अनेकांनी वापरली तर ती बिघडू शकते, असं तो बनवणारेच सांगतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाईलला तर २ जीबीची मर्यादा आहे.

दोन किंवा अधिक जण नोंद करणार असतील, तर डेटाबेस सर्व्हरच घ्या. फरक असा: शेअर केलेली फाईल म्हणजे पेढीवर उघडी ठेवलेली रोजकीर्द, चौघेही आपापलं पेन घेऊन तिच्यात लिहिणार. डेटाबेस सर्व्हर म्हणजे दिवाणजी. वहीला हात फक्त त्याचा, बाकीच्यांनी चिठ्ठी द्यायची. बिल तयार होणं, स्टॉक कमी होणं आणि पार्टीच्या खात्यावर रक्कम पडणं, ही तिन्ही कामं तो एकत्र करतो. एक जरी अडलं तरी तिन्ही मागे घेतो. पोस्टग्रेएसक्यूएल आणि मारियाडीबी हे दोन्ही मोफत आहेत आणि छोट्या धंद्याला पुरून उरतात. एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्तीही मोफत मिळते, पण २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे.

तयार सॉफ्टवेअर घेताना हा निर्णय बहुधा विक्रेत्याने आधीच घेतलेला असतो. म्हणून विचारा: आत कोणता डेटाबेस आहे? त्याचा मुख्य पासवर्ड माझ्याकडे राहील का? उद्या सॉफ्टवेअर बदललं तर माझा डेटा मला कोणत्या स्वरूपात मिळेल? इथे गुळमुळीत उत्तर आलं, तर मी तो पर्याय सोडून देतो.

नेटवर्कचं काम सरळ आहे. जिथे बिल बनतं तिथे वायर न्या, वायफाय मोबाईलसाठी ठेवा. कॅट ६ केबल आणि गिगाबिट स्विच (सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा) पुरे. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच धरा. गोदाम त्यापेक्षा लांब असेल तर फायबर टाका. सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, राउटरमध्ये कायमचा बांधून द्या आणि तो संगणक स्लीपमध्ये जाणार नाही असं सेटिंग करा. आणि यूपीएसवर सर्व्हरच्या जोडीला स्विच व राउटरही लावा.

शाखा असेल तर खरा विचार इथे लागतो. दुकानातल्या नेटवर्कवर एक प्रश्न-उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत होतं. इंटरनेटवरून त्याला ४० मिलिसेकंद लागले आणि सॉफ्टवेअर एक पडदा उघडायला ३०० वेळा डेटाबेसला विचारत असेल, तर गिऱ्हाईक १२ सेकंद ताटकळतं. म्हणून शाखेला ब्राउझरवर चालणारं सॉफ्टवेअर द्या, किंवा व्हीपीएनमधून (इंटरनेटवरची खासगी, कुलूपबंद वाट) रिमोट डेस्कटॉप, म्हणजे मुख्य दुकानातला संगणक शाखेत बसून चालवणं. राउटरमध्ये ३३०६, ५४३२ किंवा १४३३ हे पोर्ट, म्हणजे डेटाबेसकडे जाणारी दारं, जगाला उघडे करून देणारा माणूस भेटला, तर त्याला थांबवा. सगळंच क्लाउडवर नेत असाल, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन घ्या.

बॅकअप चालू फाईल कॉपी करून घेऊ नका. डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप साधनाने रोज घ्या. एक प्रत दुकानाबाहेर, एक अशा डिस्कवर जी एरवी काढून ठेवलेली असते, म्हणजे रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यापर्यंत पोहोचत नाही. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचा बिल नंबर जुळवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. तुमची नोंदणीकृत कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून नोंदींमधल्या प्रत्येक बदलाचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, आणि रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो.

पैसे देण्याआधी चाचणीच्या डेटावर एक काम आवर्जून करा. दोन काउंटरवरून एकाच मालाचं बिल एकाच वेळी बनवा आणि स्टॉक बरोबर उतरला का ते बघा. मग तिसरं बिल सेव्ह करता करता नेटवर्कची केबल उपटा. ती पुन्हा लावल्यावर बिल एक तर पूर्ण दिसलं पाहिजे, नाही तर अजिबात नाही. बिल आहे पण स्टॉक तसाच, असं दिसलं तर चेक देऊ नका.