लेहमधला सुट्टीचा दिवस: कोकणातून जाणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी

रत्नागिरी-दापोलीकडून लडाखच्या शाळांत उन्हाळी कामाला जाणाऱ्या आमच्या गटात दरवर्षी नवी पोरं येतात. बैठक सुरू होते न होते तोच विचारतात, ‘सुट्टीच्या दिवशी काय काय बघायचं?’ माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. तीन ठिकाणं. फार तर चार.

कारण उंची. आपण समुद्रकाठची माणसं आणि लेह आहे साधारण ३,५०० मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू इथल्या दोनतृतीयांशच. रत्नदुर्गाच्या पायऱ्या रोज चढलात तरी त्याचा तिथे फारसा उपयोग नाही. विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस निव्वळ आराम. डोकं दुखतंय, मळमळतंय, हे लाजून लपवू नका; गटप्रमुखाला लगेच सांगा. म्हणूनच फिरायचा दिवस आम्ही पहिल्या आठवड्याच्या शेवटी ठेवतो. कुणीतरी खारदुंग ला या खिंडीचा हट्ट धरतंच. ५,३०० मीटरच्या वर, तेही एका फोटोसाठी! मी ते नाव यादीतूनच काढते.

सकाळी लवकर निघून ठिकसेचा बौद्ध मठ गाठा. लेहपासून वीसेक किलोमीटर, सिंधूच्या काठाकाठाने. भिक्खूंची सकाळची प्रार्थना मिळाली तर मागे भिंतीला टेकून गप्प बसा, मोबाइल खिशात. मैत्रेय बुद्धाची मूर्ती सुमारे १५ मीटर उंच. आपण वरच्या मजल्यावरून आत शिरतो, त्यामुळे चेहरा एकदम समोर येतो. स्तूप किंवा मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) वाटेत लागली की ती उजव्या हाताला ठेवून चालायचं, आपल्या प्रदक्षिणेसारखंच.

परतताना शे गावाजवळ गाडी थांबवा. तिथला जुना राजवाडा बघाच, पण माझा खरा आग्रह खालच्या शेतांसाठी आहे. इथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैत तेवढा एका दिवसातही पडतो. मग जव पिकतं कशावर? डोंगरातलं बर्फ वितळतं आणि ते पाणी पाटांनी शेतात येतं. पोफळीच्या बागेला पाटाने पाणी लावलेल्या माणसाला हे पटकन कळेल. कित्येक गावांत पाण्याची पाळी ठरवायला ‘चुरपोन’ नावाचा माणूस असतो. ज्या मुलांना शिकवायला जाता ती या शेतांतूनच शाळेत येतात. शे पाहून आलेली पोरं सोमवारी वर्गात गोष्टीही वेगळ्या सांगतात, असं मला तरी दिसलंय.

दुपारी झोपा. खरंच झोपा. ऊन उतरलं की लेहचा राजवाडा: नऊ मजली, सतराव्या शतकातला, लडाखचा राजा सेंगे नामग्यालच्या काळचा. चढ दमवतो, तेव्हा बोलत बोलत चढू नका. अंगात त्राण उरलं असेल तर शांतिस्तूप. पायऱ्या भरपूर आहेत, पण वर गाडीही जाते.

सामानाचं थोडं. आपल्याकडच्या प्रीपेड सिमला तिथे रेंज मिळत नाही, पोस्टपेड न्या. खोबरेल तेल रात्रीच्या गारठ्यात दगड होतं. ओठांसाठी तुपाची छोटी डबी बरी. पाण्याची बाटली घरूनच घ्या. बाजारात फूटपाथवर भाजी विकणाऱ्या बायका बसतात, सुके जर्दाळू त्यांच्याकडूनच घ्या. आणि सातच्या आत मुक्कामी या, दुसऱ्या दिवशी शाळा आहे.