तोंडी परीक्षा होऊ नये म्हणून: स्टुडिओत मुलांच्या मुलाखती चित्रित करताना

मूल पहिल्यांदा स्टुडिओत शिरते तेव्हा त्याला मध्यभागी एक रिकामी खुर्ची दिसते. उजेड फक्त तिच्यावर असतो आणि भोवतालच्या अंधारात पाच-सहा मोठी माणसे बसलेली असतात. त्यांच्यातले एक जण प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत बाकीचे श्वास रोखून थांबतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे, कारण तोंडी परीक्षा अशीच असते. मग ते परीक्षेत देतात तशीच उत्तरे देते, म्हणजे छोटी, पाठ केलेली आणि समोरच्याला आवडतील अशी. मुलांच्या मुलाखती फसतात त्या बहुतेक वेळा याच एका कारणाने फसतात, असे माझे मत झाले आहे, आणि पुढे लिहिलेले जवळपास सगळे उपाय ही परीक्षा मोडून काढण्याचे आहेत.

आमचा माहितीपट मुंबईतल्या मुलांच्या खेळायच्या जागांविषयी होता. सहा ते बारा वर्षांच्या पंधरा मुलांशी आम्ही अंधेरीतल्या एका स्टुडिओत तीन दिवस बोललो. मुलांच्या घरीच चित्रण का केले नाही, असे अनेकांनी विचारले. एक तर दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा, दिवे आणि चार माणसे शिरली की घरच्यांना उभे राहायलाही जागा उरत नाही. शिवाय लालबागच्या चाळीतला मुलगा आणि टॉवरमधली मुलगी एकाच साध्या पडद्यासमोर बसली तर प्रेक्षक त्यांची घरे न्याहाळत बसत नाहीत, त्यांचे बोलणे ऐकतात. ही समान पार्श्वभूमी हवी असेल तरच स्टुडिओ घ्यावा. एरवी तो खर्च अनाठायी आहे.

कागदपत्रे आधी, दिवे नंतर

बालकामगार कायदा १९८६चा असून २०१६मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१७मध्ये नियम बदलले. त्या नियमांनुसार दृक्‌श्राव्य निर्मितीत मुलाचा सहभाग असेल तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव हमीपत्रासोबत द्यावे लागते. मुंबईत दोन जिल्हे आहेत हे बाहेरून आलेल्या निर्मात्यांच्या लक्षात येत नाही. अंधेरी किंवा गोरेगावचा स्टुडिओ असेल तर वांद्रे पूर्वेचे उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, आणि वरळी-महालक्ष्मीकडचा असेल तर फोर्टमधले शहर जिल्हाधिकारी कार्यालय. ‘आपला तर साधा माहितीपट आहे’ असे स्वतःच ठरवून मोकळे होऊ नये, कार्यालयात विचारून घ्यावे.

एका मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. मोबदला दिला तर त्यातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. जबाबदार व्यक्ती एका वेळी पाचच मुलांची जबाबदारी घेऊ शकते. आम्ही रोज पाचच मुले बोलावली त्यामागे हेही एक कारण होते. तासांची ही मर्यादा मात्र कायद्याने आखलेली शेवटची रेघ आहे, तिला वेळापत्रक समजू नये. सात वर्षांचे मूल खुर्चीत बसून वीस-पंचवीस मिनिटे चांगले बोलते, त्यानंतरचे फुटेज संकलनात सहसा कापले जाते.

पालकांची सही घेतल्याने मुलाची संमती मिळाली असे होत नाही. संमतिपत्र मराठीत असावे, आणि चित्रपट यूट्यूबवर जाणार असेल तर तो तिथून कायमचा पुसून टाकणे जवळजवळ अशक्य असते हे पालकांना तोंडी समजावून सांगावे. मुलाला वेगळे सांगावे की नको वाटले तर हात वर करायचा, कॅमेरा बंद होईल. सांगून भागत नाही, करूनही दाखवावे. आम्ही प्रत्येकाला एकदा गंमत म्हणून हात वर करायला लावत होतो आणि कॅमेरा खरोखर बंद करत होतो. दोन मुलांनी पुढे हा अधिकार वापरला. एकाने शू लागली म्हणून, दुसरीने प्रश्न आवडला नाही म्हणून.

बैठक, उजेड आणि आवाज

फिरती खुर्ची नको, कारण मूल फिरतेच. उंच खुर्चीही नको. पाय अधांतरी राहिले की ते हलतात, पायांबरोबर खांदे हलतात आणि मूल सतत फोकसमधून आत-बाहेर होत राहते. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही खुर्ची हटवून जमिनीवर सतरंजी अंथरली, तिच्यावर एक पाट ठेवला आणि प्रश्न विचारणारी ताईही समोर तशीच मांडी घालून बसली. फरक लगेच दिसला. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा म्हणून तो ॲपल बॉक्सवर, म्हणजे बुटक्या लाकडी पेटीवर, उतरवावा लागला आणि कॅमेरामनची पाठ दुखली, पण वरून पाहिल्यावर मूल जसे केविलवाणे दिसते तसे एकदाही दिसले नाही.

लेन्स पूर्ण उघडी ठेवून पार्श्वभूमी धूसर करण्याचा मोह आवरावा. मूल बोलता बोलता पुढे झुकते, मागे रेलते, म्हणून लेन्सचे छिद्र एफ ४ ते ५.६च्या दरम्यान राहिलेले बरे, आणि चौकटही थोडी सैल ठेवावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवले की ट्यूबलाइटची थरथर दिसत नाही. दिवे मोठ्या स्किमरमधून (चौकटीवर ताणलेल्या पांढऱ्या कापडातून) किंवा थर्माकोलवरून परतवून मऊ करावेत, आणि मूल येण्याआधी लावून संपवावेत. मूल बसलेले असताना लाइटदादा शिडीवर चढला की त्याचे सगळे लक्ष शिडीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. बारीक चौकडीचे आणि पट्ट्यांचे कपडे पडद्यावर लहरतात. पालकांना हे आदल्या दिवशी फोनवर सांगावे. शाळेचा गणवेश, बिल्ला आणि ओळखपत्र चौकटीत येऊ देऊ नये, कारण त्यावरून कोणीही मुलाच्या शाळेच्या फाटकापर्यंत पोचू शकते.

आवाजासाठी बूम, म्हणजे काठीवरचा माइक, मुख्य धरावा. कपड्यावर लेपल माइक लावला तर मूल त्याच्याशी खेळते किंवा छातीवर हात मारून ‘मी’ म्हणते, आणि त्याच शब्दावर धडाका येतो. मुलांचा आवाज एका वाक्यात कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो, त्यामुळे दुसरा ट्रॅक दहा-बारा डेसिबलने खाली ठेवून ध्वनिमुद्रित करावा. स्टुडिओची रेकी, म्हणजे आधीची पाहणी, ज्या वेळी चित्रण होणार त्याच वेळी करावी, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या छताचा फ्लोअर अजिबात घेऊ नये. एसी टेक चालू असताना बंद ठेवावा लागतो, मध्ये चालू करावा लागतो. पाटावर बसलेल्या मुलाला तेवढ्यात थंडी वाजते, म्हणून एक शाल जवळ असावी. शेवटी खोलीची नुसती शांतता तीस सेकंद टिपायची असते, ती मिळवण्याची सोपी युक्ती म्हणजे ‘स्टॅच्यू’ म्हणणे. युनिटमधली मोठी माणसेच आधी हलतात.

चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी वाजवतात ती क्लॅपच्या पाटीची टाळी चेहऱ्यासमोर वाजवू नये. मूल दचकते आणि ‘आता सुरू झाले’ हे त्याला कळते. टाळी शेवटी, पाटी उलटी धरून द्यावी. ‘रोलिंग’, ‘ॲक्शन’ हे शब्दही नकोत. साउंडवाल्याने अंगठा दाखवला की पुरे.

आई कुठे बसावी

आईला बाहेर पाठवू नये. मुलाला ती दिसली पाहिजे. पण ती बाजूला बसली तर प्रत्येक उत्तराआधी मुलाची नजर तिकडे वळते, आणि ती ओठांनी पुटपुटते, ‘अगं, बक्षीस मिळालं ते सांग ना.’ आम्ही आईची खुर्ची प्रश्न विचारणाऱ्या ताईच्या बरोबर मागे, चार-पाच फुटांवर नेली. आता मुलाने आईकडे पाहिले तरी चौकटीत त्याची नजर जागच्या जागी राहात होती. मग उजेड अडवणारा काळा फलक, म्हणजे कटर, असा लावला की आईचे गुडघे आणि हात उजेडात आणि चेहरा अंधारात राहील. आई तिथे आहे हे मुलाला दिसते, ओठ दिसत नाहीत. आईला मात्र हे आधी नीट समजावून सांगावे, नाहीतर तिला वाटते आपल्याला कोपऱ्यात बसवले.

प्रश्न

प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला मुलाने ‘बाई’ किंवा ‘टीचर’ म्हटले तर परीक्षा सुरू झाली असे समजावे. ‘ताई’ किंवा ‘दादा’ व्हायला अर्धा तास लागतो, आणि तो वेळापत्रकात धरावा. हातात प्रश्नांचा कागद नसावा. ‘छान’, ‘शाब्बास’ म्हणू नये, कारण कशाला शाबासकी मिळते हे मूल चटकन ओळखते आणि पुढे तेच पुरवत राहते. ‘का?’ या प्रश्नाला मुले बहुधा ‘माहीत नाही’ म्हणतात, ‘मग काय झालं?’ला सांगत सुटतात. ‘कधी?’ऐवजी ‘शाळेच्या आधी की नंतर?’ विचारावे. उत्तर संपल्यावर मनात पाच आकडे मोजावेत, कारण दुसरे वाक्य अनेकदा चौथ्या आकड्याला येते.

सर्वात मोठी चूक माझ्या हातून दुसऱ्या दिवशी झाली. आठ वर्षांची एक मुलगी सांगत होती की ती इमारतीच्या जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर घरघर खेळते. तेवढ्यात वरून विमान गेले आणि साउंडवाल्याने मान हलवली. मी पुन्हा विचारायला सांगितले, ‘तू कुठे खेळतेस?’ मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘बागेत.’ शाळेत तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो तो पहिले उत्तर चुकलेले असते म्हणून, तेव्हा तिने उत्तर दुरुस्त केले. तिच्या घराजवळ बाग नव्हतीच. तेव्हापासून आम्ही प्रश्न पुन्हा विचारत नाही. चूक यंत्राची आहे हे सांगतो आणि साउंडवाल्याला पुढे बोलावतो: ‘या दादाला विमानामुळे ऐकूच आलं नाही, त्याला तो जिना समजावून सांगशील?’ ज्याला खरोखर माहीत नाही अशा माणसाला मूल आनंदाने सांगते, आणि बहुधा पहिल्यापेक्षा जास्त तपशील देते.

भाषेचे प्रकरण याहून नाजूक आहे. मुंबईतले मूल घरी मालवणी किंवा आगरी, मैदानात हिंदी आणि वर्गात आणखी तिसरेच बोलते. कॅमेरा दिसला की ते निबंधाच्या वहीतली मराठी काढते. दहा वर्षांच्या एका मुलाने पहिलेच वाक्य टाकले, ‘आमच्या परिसरात क्रीडांगणाचा अभाव आहे.’ वाक्य निर्दोष होते आणि आम्हाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याला दुरुस्त करण्याऐवजी ताईने आपल्या लहानपणी हरवलेल्या चेंडूची गोष्ट तिच्या घरच्या मालवणीत सांगितली. ती संपायच्या आत तो म्हणाला, ‘आमचा बॉल पत्र्यावर गेला ना, तर खालची काकी देतच नाय. बोलते, आता आला तर कापून टाकीन. आणि एकदा खरंच कापला. विळीवर. अर्धा अर्धा करून वर फेकला.’ क्रीडांगणाचा अभाव म्हणजे काय ते त्या दोन अर्ध्या चेंडूंनी सांगितले. मुलाच्या भाषेत बोलता येणारी व्यक्ती मिळेपर्यंत चित्रणाची तारीख पुढे ढकलावी लागली तरी ढकलावी. कॅमेरा कोणता, यापेक्षा हा निर्णय मोठा आहे.

खाण्यापिण्याविषयी थोडेसे. वेफर्सची पाकिटे आणि गोड पेये मुलाखतीनंतर द्यावीत, आधी पोहे किंवा उपमा. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून येणाऱ्या मुलाला सकाळी नऊचा कॉल टाइम देऊ नये; गर्दीत चेंगरून आलेले मूल बोलत नाही, झोपते.

अनपेक्षित काही सांगितले तर

खेळाविषयी बोलतानाही मूल अचानक मारहाणीविषयी किंवा कोणी केलेल्या नकोशा स्पर्शाविषयी सांगू शकते. अशा वेळी चेहरा शांत ठेवून ऐकावे, खोदून विचारू नये, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे; १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी मार्गदर्शन करते. ते फुटेज पुसू नये आणि युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. अशा मुलाची ओळख उघड होईल असे काहीही दाखवायला कायद्याने बंदी आहे. कोणाला फोन करायचा आणि कोण करणार, हे पहिल्या दिवसाआधी ठरलेले असावे.

पॅकअपनंतर

मुलाला मॉनिटरवर स्वतःची दोन मिनिटे दाखवावीत आणि साउंडवाल्याचे हेडफोन घालून बघू द्यावे. हार्ड डिस्कवरच्या फायलींना मुलांची नावे न देता क्रमांक द्यावेत, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी ठेवावी. चित्रपट पक्का होण्याआधी प्रत्येक कुटुंबाला त्यांच्या मुलाचा भाग दाखवण्यासाठी संकलनाच्या वेळापत्रकात किमान एक आठवडा राखावा. जिन्यात खेळणाऱ्या त्या मुलीने आपला भाग दोनदा पाहिला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारले, ‘जिन्यातली जागा दाखवली तर वॉचमनकाका आम्हाला हाकलतील का?’ आम्ही मजल्याचा उल्लेख कापला.