पार्सल गहाळ झालं? शोधताना या चुका टाळा

पुण्यात शिकणाऱ्या मुलासाठी जळगावहून पाठवलेले बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कळण्याचं पीठ आठ दिवसांत पोचलं नाही, की घरात एकच वाक्य ऐकू येतं : पार्सल गहाळ झालं. खरं तर ते बऱ्याचदा चुकीच्या बॅगेत गेलेलं असतं, नाहीतर पत्त्याचं लेबल निघून एखाद्या कार्यालयात पडून असतं. अशा पार्सलचा माग पहिल्या काही दिवसांतच लागतो. नंतर बॅगा पुढे सरकतात, माणसांच्या ड्युट्या बदलतात आणि विचारायचं कुणाला तेच कळेनासं होतं.

शेवटची नोंद न वाचता फोन फिरवणं

पोस्टाच्या पावतीवर १३ अक्षरांचा क्रमांक असतो : सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक आणि शेवटी ‘आयएन’. ट्रॅकिंगमध्ये हा क्रमांक टाकल्यावर बहुतेकजण फक्त ‘पोचलं का’ एवढंच बघतात. बघायची ती शेवटची नोंद, कारण पार्सल दोन नोंदींच्या मधेच हरवतं आणि शोधही तिथूनच सुरू करायचा असतो.

बुकिंगनंतर काहीच दिसत नसेल, तर जिथे पार्सल दिलं त्याच काउंटरवर पावती घेऊन जा. पार्सल कुठल्या बॅगेत भरलं याची नोंद तिथे मिळते. बॅग रवाना झाली पण पुढच्या ठिकाणी मिळाल्याची नोंद नाही, तर ती वाटेत आहे किंवा भलतीकडे उतरली आहे. सुट्ट्या सोडून दोन-तीन दिवस थांबा, मग तक्रार करा आणि बॅग क्रमांक दिसत असेल तर तोही द्या. बॅग पोचली, आतल्या इतर वस्तूंची नोंद झाली आणि तुमचीच नाही, असं असेल तर ते तक्रारीत स्पष्ट लिहा. त्यामुळे चौकशी थेट त्या दोन कार्यालयांपुरती राहते.

पार्सल वाटप करणाऱ्या पोस्टात पोचलंय पण वाटपाला निघत नाही, अशा वेळी हेल्पलाइनवर वेळ घालवू नका. ज्याला ते मिळायचं आहे त्याने ओळखपत्र घेऊन सकाळी, पोस्टमन वाटपाला निघण्याआधी पोस्टात जावं. ‘घर बंद’ किंवा ‘पत्ता अपुरा’ असा शेरा दिसला तर त्याच दिवशी जा. न वाटलेली वस्तू साधारण सात दिवस ठेवून परत पाठवली जाते.

‘डिलिव्हर्ड’ दिसलं म्हणून गप्प बसणं

इथेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ आलं आणि हातात काही नाही, की लोक आधी शेजारीपाजारी विचारतात, मग ‘उद्या देतील’ म्हणून थांबतात. विचारा जरूर. खेड्यात पार्सल किराणा दुकानात, ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे किंवा भाऊबंदांकडे ठेवलेलं असू शकतं. पण हे सगळं त्याच दिवशी उरकून घ्या.

नाही सापडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमास्तरांच्या नावे लेखी अर्ज द्या. मागणी एकच ठेवा : वस्तू कुणाला, किती वाजता दिली आणि सही किंवा ओटीपी कुणाचा, याची माहिती द्यावी. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढे कुठल्याही पायरीवर तुम्ही कधी कळवलं हे विचारलं जातं आणि तोंडी बोलण्याला तिथे काही अर्थ उरत नाही.

खासगी कुरिअर असेल तर ‘पीओडी’ मागा, म्हणजे पोचवल्याचा पुरावा : सही, फोटो किंवा ओटीपीची वेळ. पार्सल हातात येण्याआधी फोनवर कुणालाही ओटीपी सांगू नका. एकदा ओटीपी दिला की पार्सल मिळालं नाही हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

ऑनलाइन खरेदीचं पार्सल असेल तर कुरिअरवाल्याशी भांडत बसू नका. जिथून खरेदी केली त्या कंपनीच्या ॲपवर तक्रार नोंदवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

पावती एकीकडे, तक्रार करणारा दुसरीकडे

पैसे भरून करार करतो तो पाठवणारा. भरपाईचा दावा आणि बुकिंगची चौकशी त्याच्याच नावाने होते. त्यामुळे दोन्ही टोकांनी एकाच वेळी हालचाल हवी : जळगावकडून पावतीसह तक्रार आणि पुण्याकडून वाटपाच्या पोस्टात प्रत्यक्ष चौकशी. पावतीचा फोटो काउंटरवरच काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. थर्मल कागदावरची छपाई आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर पुसट होते.

पोस्टाची तक्रार वेबसाइटवर किंवा १८०० २६६ ६८६८ या टोल फ्री क्रमांकावर नोंदवता येते. क्रमांक, बुकिंगची तारीख, वजन, दोन्हीकडचे मोबाइल आणि शेवटची नोंद तर लिहाच, पण पार्सलचं वर्णनही लिहा : ‘खाकी खोका, निळी चिकटपट्टी, आत बिबड्यांची दोन पाकिटं, पिठाची एक पिशवी, स्टीलचा डबा’. ज्या वस्तूवर दोन्ही पत्ते उरत नाहीत ती रिटर्न लेटर ऑफिसात जाते आणि तिथे उघडून पाहिली जाते. आतला ऐवज जुळला तरच ती कुणाची हे कळतं. तक्रारीला मुदतीत उत्तर आलं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर आधीच्या तक्रारीचा क्रमांक देऊन पुन्हा मांडा.

एक धोका मात्र ओळखून ठेवा. ‘पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा’ असा मेसेज किंवा गूगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर ही फसवणूक असू शकते. नंबर पावतीवरचा किंवा अधिकृत वेबसाइटवरचाच घ्या. समोरचा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावत असेल तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

‘मु. पो.’ एका दमात लिहिणं

खानदेशात पार्सल भटकण्यामागे पत्ता हे मोठं कारण आहे. अनेक गावांना स्वतःचं पोस्ट नाही, त्यांचं टपाल शेजारच्या गावाच्या शाखा डाकघरातून येतं. तिथे ‘मु.’ (राहायचं गाव) आणि ‘पो.’ (पोस्टाचं गाव) वेगळे लिहायला हवेत. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव ही नावं तर एकाच जिल्ह्यात अनेक ठिकाणी भेटतात. तालुका लिहिला नाही तर पार्सल कुठल्या पिंप्रीला जाईल याचा भरवसा नाही.

पिनकोड जिल्ह्यावरून अंदाजाने लिहू नका. धुळ्याचा ४२४००१ आणि जळगावचा ४२५००१, पण धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा ४२५४०५ आहे आणि जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावचा ४२४१०१. छाटणी आधी पिनवर होते, गावाचं नाव नंतर वाचलं जातं. त्यामुळे एक अंक चुकला तरी पार्सल दुसऱ्याच कार्यालयात जातं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावर खासगी कुरिअरने पाठवायचं असेल, तर घरपोच सेवा आहे का हे बुकिंगलाच विचारा. नसेल तर पोस्टानेच पाठवा.

पत्ता खोक्यावर लिहा आणि तोच पत्ता, पाठवणाऱ्याच्या मोबाइलसह, चिठ्ठीवर लिहून आतही ठेवा. वरचं लेबल गेलं तर ही चिठ्ठीच कामाला येते. तेलकट पदार्थ दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधा, कारण तेल झिरपलं की खोक्यावरची शाई आधी जाते.

भरपाईबद्दल उशिरा विचारणं

देशांतर्गत स्पीड पोस्टची वस्तू हरवली तर शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. म्हणजे ८० रुपये शुल्क भरलं असेल तर १६० रुपये, आत आठ हजारांचा मोबाइल असला तरी. किमती वस्तूचा विमा बुकिंगच्या वेळीच उतरवावा लागतो, नंतर काही करता येत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. ज्याचं नाव त्याच्याच हाती द्यायचं असेल तर ‘नोंदणी’ आणि ओटीपी वाटप या सोयी वेगळ्या मागाव्या लागतात, प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी. न मागितल्यास त्या लागू होत नाहीत.

ट्रान्सपोर्टने माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांनी एक मुदत पाठ ठेवावी. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही तर दावा करता येत नाही. रेल्वे पार्सलसाठी माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत लेखी मागणी करावी लागते, आणि किंमत आधी जाहीर केली नसेल तर भरपाई वजनाच्या हिशेबाने मर्यादित राहते. ‘बघतो, शोधतो’ या फोनांवर ही मुदत निघून जाते. म्हणून शोध चालू असतानाच पोचपावतीसारखा पुरावा राहील अशा पद्धतीने नोटीस पाठवून द्या.

खासगी कुरिअर टाळाटाळ करत असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ई-जागृती पोर्टलवरूनही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सोबत बुकिंगची पावती, वस्तूचं बिल, ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट आणि आवक शिक्क्याची ती प्रत जोडा. स्क्रीनशॉट आजच काढा, काही महिन्यांनी जुन्या क्रमांकाची माहिती ट्रॅकिंगवर दिसेनाशी होते.