चौरस तिरका कापला जात होता: गॅन्ट्री काटकोनात आणली

घरी बनवलेल्या सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणारं कापणी यंत्र) 300 मिमीचा चौरस कापला. चारही बाजू बरोबर, पण कर्णांत 1.2 मिमीचा फरक. स्टेप्सचं सेटिंग (एका मिमीला मोटरची किती पावलं) बदललं, कटर बदलला, सगळे बोल्ट आवळले. दोन रविवार वाया. बाजू बरोबर असतील तर स्टेप्सचा दोष नसतोच, हे उशिरा सुचलं.

आधी अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचे कर्ण मोजले. ते सारखे निघाले, म्हणजे गॅन्ट्रीच (कटर धरून पुढे-मागे सरकणारी आडवी तुळई) तिरकी. लांब कर्णाचं दूरचं टोक ज्या बाजूला, ती बाजू पुढे गेलेली. (तुकडा काढण्याआधी त्यावर डावं-उजवं लिहा. मी विसरलो आणि उलटीच बाजू फिरवली.) किती पुढे? गॅन्ट्री ज्यांवर सरकते त्या दोन वाय रेल्समधलं अंतर 600, चौरसाचा कर्ण 424: 600 × 1.2 ÷ 424 = 1.7 मिमी.

वीज बंद केली. मागे राहिलेल्या बाजूला क्लॅम्प लावला. गॅन्ट्रीला बाजूच्या प्लेट्सशी जोडणारे बोल्ट जरा सैल केले. पुढे गेलेल्या बाजूचं मोटर-कपलिंग (मोटर आणि स्क्रूमधला जोड) सोडून 5 मिमी लीडचा (एका फेऱ्यात 5 मिमी सरकवणारा) स्क्रू एक तृतीयांश फेरा उलटा फिरवला. मग कपलिंग आवळलं, शेवटी बोल्ट.

पुन्हा कापलं: दोन्ही कर्ण 424.3.